धाविकांचा म्हसोबा

गणपादाकडे धाविकांचा एकही फोटो नाही.

हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. राजारामपुरीत ज्याचा फोटो स्टुडिओ आहे, ज्याच्याकडे हाताएवढी लांब लेन्स आहे, जो वर्षानुवर्षं एकाच माळावर एकाच जातीचा पक्षी बघत बसला, त्याच्याकडे त्या पक्ष्याचा फोटो नाही. पण ते खरं आहे. धाविक त्या माळावर फक्त उन्हाळ्यात येतात, अंडी घालायला. अंडी असताना फोटो काढायचा नाही. पिल्लं आपल्या पायांनी आईबापांच्या मागे फिरायला लागली की मग काढायचा. असं त्याचं ठरलेलं होतं.

पिल्लं झाली नाहीत.

माळ कागलच्या पलीकडे आहे. हायवे सोडून आत जावं लागतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. गणपादानं ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगून काही बिघडणार नसलं तरी माझ्याच्यानं होत नाही.

माझा क्लास त्याच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आहे. माझा म्हणजे मी तिथं नोकरीला आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला कोल्हापुरात जे मिळतं ते मला मिळालं. दहावीच्या मुलांना मी निबंध शिकवतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आयकार्डाचा फोटो काढायला खाली गेलो. निळा पडदा, स्टूल, कंगवा ठेवलेला आरसा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्या शेजारी एक मोठी फ्रेम. फ्रेममध्ये नुसतं वाळलेलं गवत.

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"पक्षी."

"कुठे?"

"बघा की. घाई काय हाय? तुमचं फोटो निघंस्तोवर सापडंल."

सापडला तेव्हा मी दचकलो. तो फ्रेमच्या बरोब्बर मध्यावर होता. चंडोल. मी त्याच्याकडेच बघत होतो आणि तो मला दिसत नव्हता.

"जवळून का नाही काढला?"

"जवळ गेलो असतो तर मोठा आला असता. पण मग त्यो घाबरल्याचा फोटो झाला असता. आता बघा, कसा निवांत बसलाय."

पन्नाशीकडे झुकलेला माणूस. अंगानं किरकोळ, आवाजानं हळू. कोल्हापुरात एवढ्या हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. नाव गणपती. बुद्धाच्या तसबिरीखाली बसलेल्या माणसाचं नाव गणपती कसं, हे मी पुढे ओळख झाल्यावर विचारलं.

"आज्जीनं ठेवलं. तिचा नवस होता. बाबा म्हनाले, दीक्षा आपण घेतली, आईनं न्हाय. ऱ्हाऊ दे तिच्या मनासारखं." मग म्हणाला, "आमच्या समाजाच्या कार्यक्रमात माइकवर नाव पुकारलं की अजून लोक मागं वळून बघत्यात."

तो मला मास्तर म्हणायचा. मी त्याला गणपादा. रविवारी त्याच्या गाडीवर मागे बसून मी माळावर जायला लागलो.

पहिल्या दिवशी मला वाटलं आपण फोटो काढायला चाललोय. तसं काही झालं नाही. गाडी लांब सोडली. चालताना तो सरळ जात नव्हता. थोडं डावीकडे, मग उजवीकडे, मध्येच पाठ फिरवून उलटीकडे. जनावर चरत चरत जातं तसा. मी विचारलं तर म्हणाला, सरळ चालत येनाऱ्याला सगळे भितात. आपण न्हाय का भीत? मग एका बाभळीपाशी तो खाली बसला. अंगावर जुनं पोतं घेतलं. मलाही एक दिलं. ऊन वर आलं. पोत्याला ज्वारीचा वास होता. टिटवी ओरडली की तो उठायचा आणि मागे यायचा.

"ती सांगालीया, लई पुढं आलासा म्हनून. तिच्या घरात आपन पावणं. पावण्यानं सोप्यात बसावं. चुलीपर्यंत जाऊ नये."

त्या दिवशी त्यानं कॅमेरा पिशवीतनं काढलाच नाही.

धाविक मी त्याच्याच दुर्बिणीतून पाहिले. वाळूच्या रंगाचा पक्षी. पोट विटकरी. डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ, तिच्याखाली काळी. पाय उंच. पळत येतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. थांबला की मातीत विरून जातो. घरटं बांधत नाही. मोकळ्या मुरमावर अंडी घालतो, आणि अंडी मुरमासारखीच दिसतात. पायाखाली आली तरी कळणार नाहीत.

"म्हनूनच ती वाचत्यात," गणपादा म्हणाला. "आन म्हनूनच मरत्यात."

मी यायच्या आधी एका उन्हाळ्यात कुणीतरी जीप घेऊन माळावर आलं होतं. पक्ष्यांच्या फोटोवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. गणपादानं धाविक दिसल्याचं तिथं नुसतं लिहिलं होतं. फोटो नाही, जागा नाही. लगेच सगळे मागे लागले. दादा, लोकेशन टाका की. त्यानं लिहिलं, कोल्हापूर जिल्हा. लोकांना तो माज वाटला. पण माळ शोधून काढणं अवघड नव्हतं, जिल्ह्यात माळ उरलेत किती. जीप धाविकामागे पळवली. पळतानाचा फोटो छान आला म्हणे, स्पर्धेत लागला. चाक अंड्यांवरून गेलं. त्यानंतर गणपादानं ग्रुप सोडला. कुणाला काही सांगणंच सोडलं.

पुढच्या वर्षी धाविक आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आले, पण अंडी कुत्र्यांनी खाल्ली. यंदा आले तेव्हा माळ अर्धा राहिला होता. एका अंगाला प्लॉटिंगचे पांढरे दगड लागले होते. दुसऱ्या अंगाला मुरूम काढून खड्डे केले होते. मधे पिवळ्या मुरमाचा एक पट्टा होता. तेवढाच. जोडी तिथंच उतरली.

"हे शेवटचं," गणपादा म्हणाला. "पुढच्या साली पट्टा ऱ्हात न्हाय. निदान ह्या साली पिल्लं निघू देत. पिल्लं निघाली की ती पायानं चालत्यात, कुठंबी जातील. दुसरा माळ हुडकतील. ह्या माळावरनं एकदा निघाली की झालं."

त्याला एवढंच पाहिजे होतं. आणि ती निघताना एक फोटो.

अडचण होती ती अंबूबाईच्या म्हशींची.

अंबूबाई त्या गावची. साठीची असेल, जास्तही असेल. दुपारी म्हशी आणि शेरडं घेऊन माळावर यायची. गणपादाची आणि तिची ओळख जुनी. पहिल्यांदा तिनं त्याला पोत्याखाली बसलेलं बघितलं तेव्हा लांबूनच ओरडली होती, "पावणं, काय हरवलंय काय?" हा म्हणाला, पक्षी बघतोय. ती म्हणाली, "बघा की. आमच्या म्हशीबी बघा. त्यास्नी कोन बघत न्हाय." मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ती जरा थांबली. मग फडक्यातली भाकरी मोडून अर्धी त्याला दिली. ती थांबली हे त्याला कळलं. भाकरी दिली तेही कळलं. त्यानं मला दोन्ही सांगितलं, एकापुढे एक, आवाज न बदलता.

म्हशींची वाट त्या पिवळ्या पट्ट्यावरून जात होती. सांगितलं नाही तर अंड्यांवर खूर पडणार. सांगितलं तर गुपित फुटणार. गणपादा दोन रविवार गप्प होता. तिसऱ्या रविवारी तो अंबूबाईपाशी जाऊन बसला.

"मावशी, एक सांगतो. कुनाला बोलायचं न्हाय."

"कुनाला बोलू? म्हशीस्नी?"

"त्या पट्ट्यात दोन अंडी हायत."

"कुनाची?"

त्यानं दुर्बीण दिली. तिला ती धरता येईना. आधी आभाळ दिसलं, मग स्वतःची म्हैस दिसली, त्याचंच तिला हसू आलं. मग पक्षी सापडला.

"आगं बया. ही व्हय? उभी का ऱ्हायलीया? बसत का न्हाय अंड्यावर?"

"सावली धरलीया. ह्या उन्हात उघडी पडली तर भाजत्यात अंडी. नर आन मादी पाळीपाळीनं उभी ऱ्हात्यात."

अंबूबाईनं दुर्बीण खाली घेतली नाही. "आमचा धैर्यशील तान्हा हुता तवा मी भांगलायला जायाचो. बांधावर झाड न्हवतं. पदर धरून अशीच उभी ऱ्हायाचो. मुकादम शिव्या घालायचा." मग म्हणाली, "माझ्या म्हशी न्हाय जायाच्या आता. वरनं फिरवून नेतो. पर दुसऱ्याच्या जनावरांचं काय? त्यास्नी कोन सांगनार?"

"कुनाला सांगू नका मावशी."

"न सांगता कसं थांबत्यात लोक?"

"कुनाला न्हाय म्हंजे न्हाय."

"बरं बाबा. न्हाय सांगत. जोतिबाची शपत."

तिनं शब्द पाळला. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. तिनं कुणालाही एक अक्षर सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस लग्नाचे होते. गणपादाला ऑर्डरी होत्या, कोडोलीला, पन्हाळ्याला. स्टेजवरच्या नवरा-नवरीचे फोटो काढताना त्याचं लक्ष कुठं होतं, ते मला माहीत होतं. पिल्लं निघायचे दिवस जवळ आले होते. मधला एक दिवस मोकळा मिळाला. मी क्लासला सुट्टी टाकली. जाताना तो गाडीवर शीळ घालत होता. मी त्याला शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

गाडी लांब लावली. वाकडं चालत बाभळीपाशी गेलो. त्यानं दुर्बीण लावली आणि तसाच राहिला.

मला दुर्बिणीची गरज पडली नाही. पिवळ्या पट्ट्यावर केशरी ठिपका होता. त्याच्याभोवती माणसं होती.

आम्ही सरळ चालत गेलो. त्याला सरळ चालताना मी तिथं पहिल्यांदा बघितलं.

नाल्यातला एक गोल दगड, शेंदूर फासलेला. पुढे नारळाची करवंटं, विझलेल्या उदबत्त्या, लिंबू. दोन बायका नैवेद्य घेऊन आलेल्या. एक माणूस गाडी तिथपर्यंत आणून नारळ फोडत होता. दगडापासून हातभर अंतरावर ती दोन अंडी होती. शाबूत. त्यांच्याशेजारी हळदकुंकू पडलं होतं.

अंबूबाई बाजूला उभी होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला.

"कुनाला सांगिटलं न्हाय बगा," ती हळूच म्हणाली. "दगुड ठिवला. देव दिसला की कोन जनावर घालतंय त्यात? समद्यांनी वाट बदलली. ह्या चार दिसात एक खूर पडला न्हाय. जाऊन बगा."

खरंच खूर पडला नव्हता.

"आन ही माणसं?" गणपादानं विचारलं.

"दुसऱ्याच दिशी एकाची रेडी हरवलती. हितनं जाताना त्यो हात जोडून गेला. सांजच्याला रेडी घावली. मग काय, गाव हाय." ती जराशी हसली. मग हसू मावळलं. "म्हसोबा म्हनत्यात. जागृत हाय म्हनत्यात. अंडीबी देवाचीच म्हनत्यात. कुनी हात लावत न्हाय."

गणपादानं मान वळवली. खड्ड्याच्या कडेला, पुष्कळ लांब, एक धाविक उभा होता. उन्हात. चोच उघडी. थोडा पळत पुढे आला. थांबला. गाडीवाल्यानं पूजेची घंटी वाजवली. पक्षी मागे पळाला.

तो पुन्हा पुढे आला. दोन नवी माणसं आली. पुन्हा मागे गेला.

मी गणपादाला बाजूला घेतलं. म्हणालो, "दगड मी उचलतो. संध्याकाळी कुणी नसताना. टाकतो खड्ड्यात."

"आन उद्या?"

"उद्या काय?"

"देव कुठं गेला म्हनून इचारतील. ह्या माळावर पोतं पांघरून कोन बसतं? फोटोवाला. त्याचं आडनाव काय?" त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचा आवाज नेहमीएवढाच हळू होता. "तू उचललास तरी मीच उचलला, मास्तर. मग अंडी ऱ्हायली बाजूला. आन त्या मावशीला कोन सोडील? तिनं मला भाकरी दिल्याली सगळ्यांनी बघितलीया."

आम्ही दोघं एकाच शहरात राहतो, एकाच जिन्यावर चहा पितो. मी तो दगड हातात घेऊन चालत गेलो असतो तर लोक फार तर मला वेडा म्हणाले असते.

मग तो अंबूबाईकडे गेला. "मावशी, देव जरा तिकडं बाभळीपाशी नेला तर? तिकडं सावलीबी हाय."

"हलवायचा?" ती घाबरलीच. "कसा हलवू बाबा? मीच ठिवला, ते खरं. दगुड नाल्यातला, शेंदूर आमच्या घरातला. पर त्याला कुनी काय बोललंय, कुनी काय फेडलंय. आता त्यो माझा ऱ्हायला न्हाय." मग तिला पक्ष्याची आठवण झाली असावी. तिनं कपाळावर हात धरून खड्ड्याकडे बघितलं. "ती का येईना अजून? रोज येती की. माणसं गेली की येती."

"किती वेळ ऱ्हात्यात माणसं?"

"पयल्या दिशी थोडी हुती. आज अमुशा हाय न्हवं."

अमावस्या आहे हे आम्हा दोघांच्या लक्षात नव्हतं.

ऊन चढत होतं. मुरमावर हात ठेववत नव्हता. अंडी उघडी होती.

गणपादा चालत गेला आणि अंड्यांपाशी उभा राहिला. सूर्याकडे पाठ करून. आपली सावली अंड्यांवर पडेल असा. जो माणूस फोटोसाठी गवताची काडी बाजूला करत नसे, तो त्यांच्यापासून एका पावलावर होता. सूर्य सरकला की तोही सरकायचा. नारळ फोडणाऱ्यांना वाटलं, भक्त आहे.

"पावणं, लई भक्ती हाय की तुमची!" एक जण म्हणाला.

तो सूर्याबरोबर आणखी पाऊलभर सरकला.

"नुसतं उभा ऱ्हाऊन काय हुतंय? हात तरी जोडा."

त्यानं हात जोडले. कुणी बाजूला हो म्हणू नये म्हणून जोडले. मी बघत होतो. लहानपणापासून त्याच्या घरात कुणी शेंदरापुढे हात जोडले नव्हते, आज्जी सोडून. तो भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, त्या दगडापुढे हात जोडून दुपारभर उभा राहिला. मी पाणी घेऊन गेलो. तो थोडं पाणी प्यायला आणि उरलेलं त्यानं अंड्यांभोवतीच्या मुरमावर शिंपडलं. एका बाईनं ते बघून आपल्या तांब्यातलंही शिंपडलं. मग आणखी एकीनं.

मी मधेमधे खड्ड्याकडे बघत होतो. आधी दोन पक्षी होते. मग एक. मग एकही नाही.

दिवस कलल्यावर माणसं कमी झाली. आम्ही बाभळीपर्यंत मागे आलो. उजेड सुंदर होता, तिरपा, मधाच्या रंगाचा. फोटोवाले असल्या उजेडाची वाट बघतात. गणपादा दुर्बीण लावून बसला. जोडी येईल आणि बसेल. अंडी भाजली नसतील अजून. एक तरी जिवंत असेल.

एक धाविक आला. खरंच आला. पळत, थांबत, पळत. करवंटांच्या जवळ आल्यावर थांबला. मान उंच केली. दगडाकडे बघितलं. माणसं नव्हती, नुसता दगड होता. पण तो रंग तिथं कधी नव्हता आणि तो धूर तिथं कधी नव्हता. पक्षी उभा राहिला. मग गावाकडून स्पीकर सुरू झाला, आणि तो उडाला. धाविक सहसा पळतात. तो उडाला, खड्ड्यांच्या वरून, प्लॉटांच्या वरून, आणि दिसेनासा झाला.

अंबूबाई आमच्यापाशी येऊन बसली. तिला आता कळलं होतं.

"आमची कोंबडी खुडुक बसलीया. तिच्याखाली घालू का?"

गणपादानं अंड्यांकडे बघितलं. असं करू नये, हे तो मला कित्येकदा सांगत आला होता. अंड्याला हात लावायचा नाही. निसर्गात मधे पडायचं नाही. निघालंच पिल्लू तरी त्याला कोंबडी काय शिकवणार.

"घाला," तो म्हणाला.

तिनं अंडी पदरात घेतली. आधी दगडाला हात जोडले, परवानगी मागितल्यासारखे.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. मी स्टुडिओतच होतो. त्यानं स्पीकरवर टाकला.

"पावणं, वाजत्यात ओ दोन्ही."

अंडं कानाशी धरून हलवलं आणि आत वाजलं, तर ते गेलेलं असतं. हे मला ठाऊक नव्हतं, त्याला होतं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तुमी जेवलासा का?" ती रडत होती. त्यानं तिला समजावलं. सुरुवातीला तिचं रडणं थांबेना, मग थांबलं. बाहेर एक मुलगी पासपोर्ट फोटोसाठी उभी होती. त्यानं फोन ठेवला, तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली.

मला वाटलं, इथं संपलं. संपलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर धैर्यशीलचा फोन आला. अंबूबाईचा मुलगा. गावच्या तरुण मंडळाचा तो अध्यक्ष आहे. म्हसोबाची पहिली जत्रा भरवायची होती. फ्लेक्ससाठी देवाचा चांगला फोटो पाहिजे होता. "आई म्हनाली, फोटोवाल्या पावण्यांनाच बोलवा. त्यांनीच जागा दावली. त्यांच्याबिगार फोटो दुसऱ्याच्या हातनं नको."

मला वाटलं, तो नाही म्हणेल. मी तसं बोललोही.

"नको म्हनायला कारन काय सांगू?" त्यानं विचारलं.

आम्ही गेलो. पिवळा पट्टा राहिला नव्हता. वाहनं यावीत म्हणून मुरूम दाबून सपाट केला होता. चार खांबांवर पत्रा आणि खाली फरशी घातली होती. दगडाला आता चांदीचे डोळे होते. धैर्यशीलनं मंडळाच्या पोरांना आवाज देऊन बाजूला केलं. "सरका रं, फोटोवालं आलं. उजेड सोडा." गणपादानं गुडघे टेकून कॅमेरा काढला. फरशीवर, जिथं अंडी होती साधारण तिथं. कोन बघितला, मागचा पत्रा फ्रेमबाहेर जाईल असा. दोन-तीन फोटो काढले. लग्नात काढतो तसे नीट काढले. फोटो चांगला आला. शेंदराचा रंग अगदी बरोबर आला.

अंबूबाई आली. वाळली होती. तिनं आम्हाला प्रसाद दिला आणि गणपादाच्या शेजारी टेकली. दोघं पत्र्याकडे बघत होती.

"पाखरं येतील न्हवं पुढच्या साली?" तिनं विचारलं.

"येतील की," गणपादा म्हणाला.

तो खोटं बोलत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत तर कधीच नाही. पन्नास मैलांत कुणी पक्षी चुकीचा ओळखला तरी त्याला झोप येत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

परत येताना हायवेला लागलो. ट्रकांच्या मागून जाताना त्यानं मान थोडी वळवली.

"मास्तर, तुला काय वाटतं? मी तिला सांगायला नको होतं?"

"काय माहीत."

"न सांगता म्हशीचा पाय पडला असता. सांगितलं, तर असं झालं. ग्रुपवर बोललो, तर जीप आली. गप्प बसलो, तर कुत्री आली. लांब ऱ्हायलो, तेबी केलं. जवळ जाऊन उभा ऱ्हायलो, तेबी केलं." एक बस आम्हाला घासून गेली. त्यानं गाडी सावरली. "काय करायचं ऱ्हायलं होतं, ते सांग. तू शिकलेला हाईस. एवढी पुस्तकं वाचलीस."

मी विचार केला. कागलचा फाटा गेला, उसाच्या गाड्या गेल्या, शिरोलीच्या अलीकडे गर्दी लागली, तरी मी विचार करत होतो. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता असं नाही. पण त्यानं पुढे दुसरं काही बोलायला सुरुवातही केली नाही.

राजारामपुरीत त्यानं शटर वर केलं. फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि धैर्यशीलला पाठवला. मी जिन्यात उभा होतो. वर मुलं आली होती, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मला अजूनही काही सुचलेलं नाही.